भरून आल्यासारखं

३ जुलै

प्रिय बारके,

तुझा पत्ता तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळाला. भाषाशास्त्र विभाग, दुसरा मजला, आणि शेजारी तुझा फोटो. केस कापलेस. बरे दिसतात. घरचा पत्ता मला कुणी देणार नाही, म्हणून पाकिटावर 'खासगी' असं लिहिलंय. तुमच्या ऑफिसातल्या बाई ते फोडणार नाहीत. मी स्वतः ऑफिसातली बाई आहे म्हणून सांगते, आम्ही फोडत नाही, फार तर उजेडाला धरून बघतो.

दोन वर्षं झाली. फोन तू उचलत नाहीस, ते ठीक आहे. पत्र उचलावं लागत नाही. ते येऊन पडतं.

इथे माझं काम तेच. नव्या कुणी विचारलं की तुम्ही नेमकं काय करता, तर मी सांगते: जे प्राध्यापक आपणहून एकमेकांशी बोलणार नाहीत, त्यांना पंधरा दिवसांतून एका बुधवारी तीन वाजता एका टेबलाभोवती बसवते. भौतिकशास्त्र, इतिहास, वैद्यकीय, कायदा, जो हाताला लागेल तो. खोली मिळवायची, वाचायचा मजकूर आठवडाभर आधी पाठवायचा, तो कुणी वाचलेला नाही असं धरून वीस प्रती टेबलावर ठेवायच्या, माइक, पाणी, चहा, आणि कोण काय बोललं त्याचं टिपण. कायद्याचे सर आणि समाजशास्त्राच्या मॅडम यांना अजूनही समोरासमोर बसवत नाही. तत्त्वज्ञानाचे सर 'एक छोटा प्रश्न' म्हणाले की मी अजूनही घड्याळात वीस मिनिटं धरते. मागच्या वेळी छोट्या प्रश्नाच्या शेवटी प्रश्नच नव्हता. पाहुणे बिचारे 'हो' म्हणाले.

संख्याशास्त्राचे आपले आकडेसर आता अधिष्ठाता झालेत, हे तुला कळलं असेल. चर्चासत्रांची जबाबदारी वनस्पतीशास्त्राच्या मॅडमकडे आलीय. शांत बाई आहेत. बोलण्याआधी चष्मा पुसतात.

घरी मी एकटीच. तुझ्या खोलीत आता कपडे वाळत घालते, तिकडे ऊन जास्त वेळ असतं. पहिले काही महिने संध्याकाळी हात आपोआप दोन कपांचा चहा टाकायचा. मग एक दिवस लक्षात आलं, की गेला आठवडाभर आपण एकच कप टाकतोय. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

लिहायचं कारण असं, की डिसेंबरात आपल्या चर्चासत्रांना दहा वर्षं होतात. मॅडमनी ठरवलंय, दहा वर्षांचा एक ग्रंथ काढायचा. कोणत्या बैठकीत कोणती कल्पना निघाली, पुढे तिचं काय झालं. टिपणांच्या वह्या मलाच चाळायच्या आहेत. सगळ्या आहेत असं नाही. एक-दोन गहाळ आहेत. ते तुला माहीतच आहे.

तब्येतीला जप.

तुझी
ताई

२१ जुलै

प्रिय बारके,

तुझ्या उत्तराची मी वाट बघत नव्हते, असं लिहिणार होते. खरं म्हणजे टपाल येतं त्या वेळेला मी रोज काहीतरी निमित्त काढून खाली जाते.

बुधवारी बैठक झाली. या सत्राचा विषय 'पुरावा'. प्रत्येक विभाग कशाला पुरावा म्हणतो. इतिहासाचे सर आणि वैद्यकीयच्या डॉक्टर मॅडम बोलणार होते. गर्दी बरी होती, अकरा जण.

डॉक्टर मॅडमनी एक पुस्तिका आणली होती. म्हणाल्या, "पूर्वी आम्ही पेशंटला विचारायचो, एक ते दहामध्ये किती दुखतंय? आज्या म्हणायच्या, तुम्हीच सांगा, डॉक्टर तुम्ही आहात." सगळे हसले. "आता आम्ही त्यांना शब्द वाचून दाखवतो. ठणकतंय का, चमक निघते का, पिळवटतंय का, चरचरतंय का. आणि 'भरून आल्यासारखं' या शब्दाला मान हलली, की आम्ही थांबत नाही. लगेच हृदयाचा आलेख काढतो. गेल्या वर्षात या एका शब्दानं नऊ माणसं वेळेत सापडली. माझ्यासाठी हा पुरावा."

पुस्तिका हातोहात फिरत माझ्याकडे आली. एक्केचाळीस शब्द. 'चरचर' आणि 'चुरचुर' वेगवेगळ्या ओळींवर. त्यावरून तू स्वयंपाकघरात माझ्याशी तासभर वाद घातला होतास, की चरचर बाहेरून लागते आणि चुरचुर आतून. मुखपृष्ठावर आकडेसरांचं नाव. आत आभार मानलेत, रुग्णालयाचे, परिचारिकांचे, छापणाऱ्याचेसुद्धा.

मग इतिहासाचे सर बोलले. आवाज तुला माहीत आहे त्यांचा, माइकची गरज नाही. "कागद नसेल तर मी हळहळतो," म्हणाले, "पण कागद असून कुणी दाबून ठेवला असेल, तर मला त्या माणसात रस वाटतो. त्यानं का दाबला? तिथे खरी गोष्ट असते."

माझं पेन थांबलं. मॅडमनी चष्मा पुसत विचारलं, "लिहिताय ना?"

"लिहितेय," म्हटलं.

बारके, ती वही गहाळ झालेली नाही.

तुझ्या भाषणाच्या दिवसाची पानं माझ्याकडे आहेत. हिरव्या पुठ्ठ्याची वही, घरी, कपाटात, चादरींच्या खाली. तू काय मांडलंस ते आहे. तू वाटलेली शब्दांची यादी टाचणीनं लावलेली आहे. आणि शेवटी आकडेसरांचं वाक्य, माझ्याच अक्षरात: "मला ही कल्पना नवीन आहे. याची एक प्रत मला द्याल का?" आणि कंसात, 'प्रत दिली.'

तू तक्रार केलीस तेव्हा बैठकीला आलेल्या कुणालाच वर्षभरानं नेमकं आठवेना, म्हणून समितीनं मला विचारलं, त्या बैठकीचं टिपण आहे का? मी म्हणाले, "नाही. त्या दिवशी मला बरं नव्हतं, मी लिहिलं नाही." तू टेबलाच्या त्या टोकाला होतीस. तू मला लिहिताना पाहिलं होतंस. तू एकदाच माझ्याकडे बघितलंस आणि मग समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलीस. घरी आल्यावर तू माळ्यावरची बॅग काढलीस. चार दिवसांत तुझी खोली रिकामी झाली.

आज इतकंच जमतंय.

ताई

२ ऑगस्ट

बारके,

का, ते सांगते.

मी मनाशी जे कारण दोन वर्षं धरून ठेवलं ते आधी सांगते, म्हणजे त्याची कटकट मिटेल. तेव्हा आकडेसर माझे वरिष्ठ होते. चर्चासत्रं चालू ठेवायची की बंद करायची, हे त्याच महिन्यात ठरणार होतं. त्यांच्यावर डाग लागला असता तर कक्षाला कुलूप लागलं असतं आणि मी परीक्षा विभागात गठ्ठे बांधत बसले असते. हे सगळं खरं आहे. पण त्यासाठी मी तुझ्याविरुद्ध खोटं बोलले नसते. एवढं तू मला ओळखतेस. की ओळखत नाहीस?

खरं कारण तुझ्या भाषणात आहे.

आई गेल्यावर तू इथे नोकरीला आलीस. जाहिरात मीच पाठवली होती. वाटलं, दोघी एका घरात राहू, एकाच आवारात नोकरी करू. पहिलं वर्ष छान गेलं. मग तू म्हणालीस, "ताई, मला बुधवारच्या बैठकीत बोलायचंय. दुखण्याच्या शब्दांवर." मी किती खूश झाले होते! पाट्या नव्या छापून घेतल्या. खिडकीजवळच्या खुर्च्या पुसल्या. टेबलावर फुलं ठेवली, दहा वर्षांत तेवढं एकदाच.

आणि तू सुरुवात केलीस ती अशी: "एका बाईनं आपल्या मुलीला सांगितलं, छातीत भरून आल्यासारखं होतंय. मुलीला वाटलं, मन भरून आलंय. तिनं विचारलं, कुणाची आठवण येतेय का? दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई गेली. आपल्या भाषेत काळजाच्या दोन दुखण्यांना एकच शब्द आहे, आणि त्या बाईचं कुणी ऐकलं नाही."

अठरा माणसं होती खोलीत. त्यांना कुणालाच कळलं नाही की ती मुलगी कोपऱ्यात बसून हे लिहून घेतेय. मी लिहिलं. शब्दन् शब्द लिहिला. माझे कान तापले होते, पण अक्षर बघशील तर सरळ आहे.

आईचे ते शब्द मी तुला फोनवर सांगितले होते. तुला, माझ्या बहिणीला. तू त्यांचा नमुना केलास. मला आधी विचारलंसुद्धा नाहीस. बैठकीनंतर डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनं काय सुरेख उदाहरण दिलं हो." मी म्हटलं, "हो ना." आणि कप गोळा करायला लागले.

घरी आल्यावर तू विचारलंस, "कसं झालं?" मी म्हणाले, "माइक जरा खरखरत होता."

मग वर्षभरानं आकडेसरांनी तुझी यादी आपल्या नावावर चालवली, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझ्या ताईला विचारा, तिनं सगळं लिहिलंय." त्या क्षणी मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, आता घे. आता तुझंही कुणी ऐकलं नाही.

हे पत्र फाडून टाकणार होते. तसंच पाठवतेय.

ताई

१८ ऑगस्ट

प्रिय बारके,

या पत्रात फक्त काय घडलं ते लिहिते, बैठकीचं लिहिते तसं.

सोमवारी सकाळी वही घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्या कुंडीतली वाळलेली पानं काढत होत्या. मी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "दहा वर्षांच्या ग्रंथासाठी."

त्यांनी पानं उलटली. त्या बैठकीला त्या नव्हत्या, पण प्रकरण त्यांना माहीत होतं. इथे कुणाला माहीत नाही! वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"ही कुठे होती?"

"माझ्या घरी."

"म्हणजे सापडली?"

मला पळवाट दिली होती त्यांनी, कळतंय का तुला? चांगल्या मनानं दिली होती. नुसतं 'हो, आवरताना सापडली' म्हटलं असतं तर भागलं असतं.

"सापडली नाही मॅडम. हरवलीच नव्हती. मी खोटं बोलले होते."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "हे लेखी द्याल? पण आधी नीट विचार करा. विद्यापीठाची नोंद दडवणं ही लहान गोष्ट नाही. तुमच्या निवृत्तीला किती वर्षं आहेत?"

"चार."

"घरी कुणाशी बोलून घ्या."

मी म्हटलं, "घरी मीच आहे." त्यांनी आता चष्मा पुसायला घेतला. मला त्यांची दया आली. मी तिथेच बसून अर्ज लिहिला. अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

गुरुवारी आकडेसर स्वतः जिना चढून आमच्या खोलीत आले. अधिष्ठाता झाल्यापासून पहिल्यांदाच. दम लागला होता. पाणी दिलं. मी एकटीच होते, टेबलावरचे बुधवारच्या चहाचे डाग पुसत होते.

"बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाले.

"मलाही नव्हती, सर."

"तुमच्या बहिणीनं बोलून दाखवलं, मान्य. पण दोन वर्षं वॉर्डावॉर्डांतून कोण फिरलं? बाराशे पेशंट कुणी तपासले? कल्पना काय, हवेत शंभर असतात. ती तडीस कुणी नेली हे बघायचं की नाही?"

त्यात तथ्य नाही असं नाही. तो माणूस खरंच फिरलाय. पावसापाण्यात, चिखलाचे बूट घेऊन बैठकीला यायचे तेव्हा, मीच फडकं द्यायचे. मी म्हटलं, "सर, ते मी कसं ठरवणार? कोण काय बोललं एवढंच माझ्या वहीत असतं. तुम्ही फिरलात तेही लोकांना सांगा की. पण ती आधी बोलली, हे तुम्ही का खोडलंत?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी खोडलं नाही. मी समितीला सांगितलं की मला आठवत नाही. टिपण नाही असं तुम्ही म्हणालात, म्हणून मला न आठवणं सोपं गेलं."

मग उठले. दारात थांबून म्हणाले, "त्या तुमच्या बहीण आहेत म्हणून मी तेव्हा धरून चाललो होतो की तुम्ही वही काढणार. मी घरी सांगून आलो होतो की आज आपलं काही खरं नाही."

बारके, त्यानंतर मला हातातलं फडकं कुठे ठेवावं ते सुचेना. इतकं सोपं होतं ते. मी वही काढली असती तर ते कबूल झाले असते.

पुन्हा समिती बसणार आहे. तुला पत्र येईल. तू येशील की लेखी कळवशील, मला माहीत नाही. आलीस तर घराची किल्ली शेजारच्या शिंपिणीकडे असते. उतरायचं नसलं घरी, तरी हरकत नाही.

ताई

१२ सप्टेंबर

प्रिय बारके,

काल तू आलीस आणि गेलीस. मधले चार तास आपण एका इमारतीत होतो.

समितीच्या दाराबाहेर तो लांब बाक आहे. तू एका टोकाला बसलीस, मी दुसऱ्या. मधे तुझी पिशवी. तू बारीक झालीस. डाव्या हाताला पट्टी होती, विचारायचं धाडस झालं नाही. शिपाई पाणी घेऊन आला, त्यानं आपल्या दोघींना ओळखलं नाही. म्हणाला, "तुम्ही दोघी एकाच कामासाठी का?" तू म्हणालीस, "हो." मला तेवढंच बरं वाटलं.

आत तुला विचारलं, साक्षीदाराशी आपलं नातं? तू म्हणालीस, "त्या चर्चासत्र कक्षाच्या समन्वयक आहेत." अध्यक्षांनी मान वर करून बघितलं. मी म्हटलं, "मी त्यांची मोठी बहीण आहे." पेन घेऊन बसलेल्या बाईंनी ते लिहून घेतलं. दुसरं कुणी लिहितंय आणि मी नुसती बसलेय, असं दहा वर्षांत पहिल्यांदा झालं.

वही वाचली गेली. आकडेसरांनी काही नाकारलं नाही. वीस मिनिटांत आटोपलं. दोन वर्षं गेली ज्याच्यापायी, ते वीस मिनिटांत.

बाहेर आल्यावर तू पिशवी खांद्याला लावलीस. मला वाटलं, निघालीस. पण तू थांबलीस, भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे तोंड करून विचारलंस, "पत्रं वाचली मी. एक सांग. 'कुणाची आठवण येतेय का', असंच विचारलं होतंस तू आईला? नेमकं असंच?"

मी फलकावरची निघालेली टाचणी नीट बसवायला लागले. तू वाट बघितलीस आणि जिना उतरलीस. मी वरून तुझी पावलं मोजत होते. सत्तावीस पायऱ्या आहेत.

आता सांगते. असं विचारलं नव्हतं. फोनवर तुला सांगताना मी ते नीटनेटकं करून सांगितलं होतं.

तो बुधवार होता. पाहुणे बाहेरगावचे होते आणि खोलीची किल्ली माझ्याकडे होती. दीड वाजता मी चपला घालत होते. आई खुर्चीत बसली होती, छातीवर तळहात. म्हणाली, "अगं, भरून आल्यासारखं होतंय." मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "आई, आज नको हं. मला उशीर होतोय. बारकीची आठवण येत असेल तर तिला फोन लाव." आणि दार ओढून घेतलं.

तिच्या आवाजात मला लाड ऐकू आला. तुझ्यासाठीचा. तू लांब होतीस, मी रोज समोर होते, आणि भरून यायचं ते तुझ्यासाठी, असं मला नेहमीच वाटायचं. म्हणून मी चिडून बोलले. तीन वाजता मी टेबलावर पाण्याचे ग्लास मांडत होते. बैठक चांगली झाली त्या दिवशी.

सहाला घरी आले तेव्हा ती उठून बसलेली होती, बोलली, दोन घास खाल्ले. सकाळी आठला गेली.

तू भाषणात त्या मुलीला म्हणजे मला फार सौम्यपणे वागवलं होतंस. तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, म्हणून ते इतकं लागलं.

तुझ्याकडे येऊ का एकदा? एक दिवस. राहणार नाही.

ताई

९ ऑक्टोबर

बारके,

निकालाची प्रत तुला आली असेल. तरी लिहिते. पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीवर तुझं नाव पहिलं येणार, आकडेसरांचं दुसरं. त्यांनी अधिष्ठातापद सोडलं, तब्येतीचं कारण देऊन. नवी आवृत्ती निघेपर्यंत डॉक्टर मॅडमनी वॉर्डातल्या सगळ्या प्रतींवर स्वतःच्या हातानं तुझं नाव लिहिलंय. अक्षर डॉक्टरांचं, त्यामुळे वाचता येत नाही, पण आहे.

मला ताकीद मिळाली आणि बदली. परीक्षा विभाग नव्हे, जुन्या दप्तरांची खोली, तळमजला. खिडकी जमिनीच्या रेषेला आहे. लोकांच्या पोटऱ्या तेवढ्या दिसतात. दिवसभरात दोन-तीन जण येतात, चाळीस वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र मागायला. मी मागितलेलं काढून देते. काम वाईट नाही. फक्त बुधवारी तीन वाजता वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्याचा आवाज येतोय असं वाटतं. इतका खाली तो येणं शक्य नाही.

वनस्पतीशास्त्राच्या मॅडम एकदा येऊन गेल्या. म्हणाल्या, "तुमच्या जागी आलेल्या मुलीनं कायद्याच्या सरांना आणि समाजशास्त्राच्या मॅडमना समोरासमोर बसवलं." मी विचारलं, "मग?" म्हणाल्या, "मग काय! चहासुद्धा झाला नाही." दोघी हसलो. त्या गेल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटायला लागली.

दहा वर्षांच्या ग्रंथात तुझं भाषण घेतलंय. पूर्ण.

ताई

२७ ऑक्टोबर

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते लगेच फोडलं नाही. दप्तराची खोली बंद करून, घरी येऊन, हातपाय धुऊन मग फोडलं. चार ओळी आहेत. तेवढ्या मला आता तोंडपाठ आहेत.

'त्या दिवशी दुपारी आईचे दोन फोन आले होते. पहिला आला तेव्हा मी वर्गात होते, दुसरा आला तेव्हा मित्रमैत्रिणींत बसले होते, बघून ठेवून दिला. म्हटलं, उद्या करू. भाषणातलं "कुणी ऐकलं नाही" हे वाक्य मी तुझ्याबद्दल लिहिलं नव्हतं. येऊ नकोस एवढ्यात.'

नाही येत.

पण एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय. ती सांगावी की नाही, यात माझे पाच दिवस गेले. मला स्वतःलाच ती तुझं पत्र वाचून उमगली. तोवर तिच्यात सांगण्यासारखं काही आहे, हेच मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी आले. चपला काढल्या काढल्या मी आईला विचारलं, जरा फणकाऱ्यानंच, "केलास का फोन तुझ्या लाडकीला?"

ती म्हणाली, "केला की."

"मग? काय म्हणाली?"

"खूप बोलली. अर्धा तास बोलली. मजेत आहे." मग पदरानं कपाळ टिपत म्हणाली, "सारखी बिचारीवर चिडत जाऊ नकोस गं तू. किती आठवण काढत होती तुझी."

मी ते खरं मानलं. साडेचार वर्षं मानत आले. आई गेल्याचं कळवायला मी तुला फोन केला, तेव्हाही मनात होतं, हिचं निदान आदल्या दिवशी बोलणं तरी झालं. त्याचाही मला हेवा वाटला होता.

तू फोन उचलला नाहीस, हे तिनं मला कळू दिलं नाही. छातीत तसं होत असताना बसून तिनं तो अर्धा तास रचला. मी तुझ्यावर रागावू नये म्हणून. आणि तुला माझी आठवण येते, असं मला कुणीतरी सांगावं म्हणून.

ते काही मी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. तुला आज लिहून पाठवतेय.

ताई